आंबवणीचे विज्ञान (लेखांक 6) : बिअरचा वायू बिअरलाच

यीस्ट साखर खाते आणि मद्यार्क तयार होतो, हे मागच्या लेखात पाहिले. पण त्या साखरेचा जवळजवळ निम्मा भाग, वजनाने, कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो. त्याची आठवण फारशी कुणी ठेवत नाही.

इंग्रज शास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टलीने ठेवली. 1767 मध्ये तो इंग्लंडमधल्या लीड्स शहरात राहायला गेला, तेव्हा शेजारीच बिअरचा कारखाना होता. आंबणाऱ्या पिंपावर वायूचा जड थर साचलेला असे. त्यात पेटती काडी धरली की विझे. त्या थरात त्याने पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतून पाहिले आणि पाण्याला चुरचुरीत चव आली. पुढे 1772 मध्ये त्याने खडू आणि आम्लापासून हेच पाणी करण्याची कृती छापली. सोडावॉटरचा उगम असा बिअरच्या पिंपावर आहे.

आता हिशेब करू. घरगुती 20 लिटर मध्यम बिअर आंबताना सुमारे 750 ग्रॅम, म्हणजे चारशे लिटर वायू सुटतो. बिअरला फेस यायला लिटरमागे 5 ग्रॅम, एकूण 100 ग्रॅम पुरतो. तरीही बहुतेक हौशी मंडळी हा सगळा वायू एअरलॉकमधून, म्हणजे वायू बाहेर सोडणाऱ्या पण हवा आत न घेणाऱ्या झडपेतून, सोडून देतात आणि नंतर विकतचे सिलिंडर जोडतात. मला ही उधळपट्टी वाटते.

हा वायू बिअरमध्येच राहावा म्हणून जर्मन लोक फार पूर्वीपासून आंबवण संपण्याआधीच पिंपाचे बूच वेळेवर ठोकत आले. बुचाला ते 'श्पुंट' म्हणतात. कौशल्य सगळे वेळेचे. 12 अंश तापमानाला उघड्या बिअरमध्येही लिटरमागे दोनेक ग्रॅम वायू विरघळलेला असतोच. उरलेल्या तीन ग्रॅमसाठी साधारण सहा ग्रॅम साखर शिल्लक हवी. म्हणून घनतामापीचा काटा 1.010 वर थांबणार असेल, तर 1.014 च्या सुमारास भांडे बंद करायचे. तोटीवर दाबाची झडप बसवायची आणि ती सव्वा बारवर लावायची. जास्तीचा वायू झडप स्वतःच सोडते. आधी मात्र घाई नको. सुरुवातीच्या वायूला, विशेषतः लागरच्या, गंधकाचा वास असतो. तो जाऊ द्यावा.

त्या जाणाऱ्या वायूचाही उपयोग आहे, आणि मला तो सर्वांत देखणा वाटतो. एअरलॉकऐवजी नळी लावून ती निर्जंतुक द्रावणाने काठोकाठ भरलेल्या केगला, म्हणजे बिअर साठवायच्या बंद पिंपाला, जोडायची. वायू द्रावणाला बाहेर ढकलतो आणि केगमध्ये हवा जवळजवळ उरतच नाही. पुढे त्यात भरलेल्या बिअरला ऑक्सिजनमुळे येणारा ओल्या पुठ्ठ्यासारखा वास लागत नाही.

महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर बनवणे हा गुन्हा आहे. ब्रिटनमध्ये 1963 पासून घरच्यापुरत्या बिअरला परवाना लागत नाही; तिथल्या मराठी वाचकांना एक कळकळीची विनंती. काचेचा बुधला किंवा प्लास्टिकची बादली कधीही घट्ट बंद करू नका, ती फुटते. दाब सोसणारा स्टीलचा केगच घ्या, त्याची सुरक्षा झडप आधी तपासा, आणि बंद तळघरात आंबवत असाल तर खिडकी उघडी ठेवा.