पेशींच्या पुटिका आणि न भरणारा मुखव्रण

व्रण भरून येताना कडेच्या पेशी मध्याकडे सरकतात. या गतीस पेशींनी बाहेर सोडलेल्या सूक्ष्म पुटिकाही साहाय्य करतात. त्यांपैकी ‘एक्झोसोम’ साधारणतः ३० ते १५० नॅनोमीटर व्यासाचे असतात. त्यांच्यावर फायब्रोनेक्टिनसारखी प्रथिने असतात. पेशी एक्झोसोम बाहेर सोडते, त्या प्रथिनांची पकड घेते आणि एकाच दिशेने सरकत राहते. जणू स्वतःची वाट स्वतःच अंथरते. अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये कर्कपेशींवर हे दाखविले. एक्झोसोमचा स्राव रोखताच पेशींची दिशा ढळू लागली.

म्हणजेच व्रणरोपणास आवश्यक असलेली पेशींची ही गती कर्करोगात मात्र प्रसाराचे साधन बनते.

ठाणे, कल्याण-डोंबिवली परिसरात तंबाखू खाणारे अनेक रुग्ण ‘तोंड आले आहे’ एवढेच सांगून आपल्याकडे येतात किंवा औषधालयातून परस्पर मलम नेतात. व्रण दोन-तीन आठवड्यांत न भरल्यास, त्याची कड कठीण लागल्यास किंवा मानेत गाठ आढळल्यास रोपणचिकित्सेत काळ दवडू नये. रुग्णास परळच्या टाटा रुग्णालयात अथवा जवळच्या कर्करोगतज्ज्ञाकडे बायॉप्सीसाठी त्वरित पाठवावे. औषधविक्रेत्यांनीही वारंवार मलम मागणाऱ्यास वैद्याकडे धाडावे.

प्रयोगशाळेतील या निष्कर्षांवरून ‘आमचे औषध एक्झोसोम रोखते’ असा दावा मात्र कोणीही करू नये. वेळीच केलेले निदान हीच येथे वैद्याची खरी कसोटी होय.