भय, रती आणि अद्भुत : किशोरवयीनांसाठीच्या अंधाऱ्या प्रणयमालिकेचे एक वाचन

लोकप्रिय साहित्याचा अभ्यास आपल्या विद्यापीठीय वर्तुळात सहसा दोन टोकांना होतो. एका टोकाला उपेक्षा असते, तर दुसऱ्या टोकाला समाजशास्त्रीय नोंदींची रास. दोन्ही प्रकारांत संहितेचे वाचन मात्र राहून जाते. किशोरवयीन वाचकांसाठी लिहिल्या गेलेल्या अतिमानवी प्रणयकादंबऱ्यांच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. मानवी नायिका आणि मनुष्य नसलेला, बहुधा रक्तपिपासू नायक यांच्या प्रेमाची ही कथा अनेक खंडांत चालते. तिचे वाचन आपल्या काव्यशास्त्राच्या परिभाषेत करता येईल का, आणि तसे केल्याने अध्यापकाच्या हाती काही उपयुक्त निकष येतो का, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

उदाहरणादाखल स्टेफनी मायर यांची 'ट्वायलाइट' मालिका घेऊ. २००५ ते २००८ या काळात तिचे चार खंड प्रसिद्ध झाले. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील फोर्क्स या सतत पावसाने भिजणाऱ्या लहान गावी सतरा वर्षांची बेला राहायला येते आणि तिथे एडवर्डच्या प्रेमात पडते. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत मरणोन्मुख झालेला हा तरुण रक्तपिशाच झाल्यामुळे सतरा वर्षांचाच राहिला आहे. तिच्या रक्ताची त्याला अनावर ओढ आहे, आणि त्या ओढीवर मिळवलेला ताबा हीच त्याच्या प्रेमाची खूण ठरते.

या नायकाला मोठी वंशावळ आहे. शेरिडन ल फॅन्यू यांच्या 'कार्मिला'त (१८७२) आणि ब्रॅम स्टोकर यांच्या 'ड्रॅक्युला'त (१८९७) रक्तपिशाच हा बाहेरून येणारा, अखेरीस नष्ट करावयाचा शत्रू होता. ॲन राइस यांच्या १९७६ च्या 'इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर' या कादंबरीत तो स्वतः निवेदक झाला, आणि वाचकाची सहानुभूती त्याच्याकडे वळली. एल. जे. स्मिथ यांच्या १९९१ पासूनच्या 'व्हॅम्पायर डायरीज'मध्ये तो शाळेच्या वर्गात येऊन बसला. शत्रू, निवेदक, प्रियकर असा हा सुमारे सव्वाशे वर्षांचा प्रवास आहे.

मराठी परंपरेतील स्थान

मानव आणि मानवेतर यांचे प्रेम आपल्या परंपरेला अपरिचित नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील पंच्याण्णवावे सूक्त हा पुरूरवा आणि उर्वशी यांचा संवाद आहे. शतपथ ब्राह्मणात त्या कथेला अटींची चौकट मिळते : उर्वशी राहते ती काही अटींवर, आणि अट मोडताच निघून जाते. सातवाहनांच्या प्रतिष्ठानाशी ज्याचे नाव परंपरेने जोडले आहे, त्या गुणाढ्याची बृहत्कथा पैशाची भाषेत होती असे सांगितले जाते. तिचा वारसा सांगणाऱ्या सोमदेवाच्या कथासरित्सागरात यक्ष, विद्याधर आणि वेताळ माणसांच्या व्यवहारात सर्रास वावरतात. मराठी कादंबरीच्या आरंभकाळातही 'मुक्तामाला' (१८६१) आणि 'मंजुघोषा' (१८६८) या अद्भुतरम्य कृतींनी वाचकवर्ग घडवला. पुढे वास्तववादाला प्रतिष्ठा मिळाली आणि हा प्रवाह समीक्षेच्या कडेला गेला. वाचकांनी मात्र तो सोडला नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनी मराठी भयकथेला आणि गूढकथेला स्वतंत्र रूप दिले. तथापि या कथांच्या केंद्रस्थानी प्रणय क्वचितच असतो. धारपांच्या समर्थकथांत अमानवी शक्ती ही निवारण करण्याची बाब आहे. स्टीफन किंग यांच्या १९७५ च्या 'सालेम्स लॉट'चा धागा घेणाऱ्या त्यांच्या 'लुचाई'तही रक्तपिपासू शक्ती वस्ती गिळणारे संकटच राहते. मतकरींच्या गूढकथेत भय बाहेरून येण्यापेक्षा माणसाच्या मनातील अपराधभावातून उगवते. धारप संकट घालवतात, मतकरी ते माणसाच्या आत दाखवतात. त्या संकटाशी संसार थाटण्याची कल्पना दोघांच्याही विश्वाला परकी आहे.

याचे एक कारण आपल्या लोकसमजुतींतील भुतांच्या वर्गवारीत सापडते. मुंज झालेला पण लग्नापूर्वी मेलेला मुलगा मुंजा होतो. बाळंतपणात मेलेली स्त्री अळवंत होते. आपले भूत म्हणजे आयुष्याच्या एखाद्या टप्प्यावर अडकलेली, पुरी न झालेली वासना होय. ते काही देऊ करीत नाही, मागत असते. युरोपीय रक्तपिशाच तरुणाकडे मात्र न संपणारे आयुष्य, संपत्ती आणि सौंदर्य यांचा अतिरेक आहे, आणि म्हणून तो देणारा म्हणून पुढे येऊ शकतो. २०२४ च्या 'मुंज्या' या हिंदी चित्रपटातील कोकणातला मुंजा लग्नाचा हट्ट धरतो, तेव्हा प्रेक्षक त्या हट्टाला प्रेम समजत नाही. तोच हट्ट एडवर्डकडे गेला की मोहक वाटू लागतो. हा फरक कसा घडतो, हे पाहणे आवश्यक आहे.

विरोधी रसांचा प्रश्न

विश्वनाथाने साहित्यदर्पणात शृंगाराचे जे विरोधी रस सांगितले, त्यांत भयानकाचा समावेश आहे. रती मनाला विषयाकडे ओढते, भय त्यापासून दूर लोटते. एकाच मनात, एकाच विषयासंबंधी दोन्ही एकाच वेळी पुष्ट होणे कठीण. आनंदवर्धनाने नवव्या शतकात ध्वन्यालोकाच्या तिसऱ्या उद्द्योतात या विरोधाच्या परिहाराचे मार्ग सांगितले आहेत. विरोध एका आश्रयामुळे असेल, तर दोन रसांना भिन्न आश्रय द्यावेत. विरोध नैरंतर्यामुळे, म्हणजे एकापाठोपाठ एक आल्यामुळे असेल, तर मध्ये तिसरा रस घालावा. 'नागानंद' नाटकात शांत आणि शृंगार यांच्यामध्ये अद्भुत येतो, हे त्याचे उदाहरण प्रसिद्ध आहे.

अंधाऱ्या प्रणयमालिकेत आश्रय एकच असतो, तो म्हणजे नायिकेचे मन. आलंबनही एकच, म्हणजे नायक. पहिला मार्ग येथे बंद आहे. ही कथा दुसऱ्या मार्गाने चालते. नायक धोकादायक आहे हे कळणे आणि त्याच्यावर प्रेम जडणे यांच्यामध्ये प्रत्येक वेळी विस्मयाचा एक टप्पा येतो. त्याचे अमानुष बळ, त्याचा वेग, उन्हात लखलखणारी त्याची त्वचा हे सारे विस्मयाचे विभाव आहेत. भय विस्मयात विरघळते, आणि विस्मयातून रतीकडे जाणे सोपे होते. अद्भुत हा येथे सजावटीचा भाग नसून रचनेचा सांधा आहे.

या सांध्याला निवेदनाची साथ मिळते. मालिकेचा बहुतांश भाग बेलाच्या प्रथमपुरुषी निवेदनात आहे; चौथ्या खंडाचा मधला भाग जेकबकडे जातो. प्रेमात पडलेल्या व्यक्तीच्या नजरेखेरीज दुसरी नजर वाचकाला फारशी मिळत नाही. लेखिकेने २०२० मध्ये पहिल्या खंडाची कथा एडवर्डच्या बाजूने 'मिडनाइट सन'मध्ये पुन्हा सांगितली, तेव्हा त्याच घटनांचा तोल बदलला. अध्यापनासाठी ही दोन निवेदने शेजारी ठेवणे फलदायी ठरेल.

अद्भुत वजा केल्यावर

येथे वाचनाची एक सोपी कसोटी सुचवता येते. प्रसंगातून अद्भुत काढून घ्यावे आणि काय उरते ते पाहावे. एडवर्ड रात्री बेलाच्या नकळत तिच्या खोलीत येऊन तिला झोपलेली पाहत राहतो. तिसऱ्या खंडात ती जेकबला भेटू नये म्हणून तिच्या गाडीच्या इंजिनात तो बिघाड करतो. नायक मनुष्य आहे असे धरून हे प्रसंग पुन्हा वाचले, तर मधला विस्मयाचा टप्पा नाहीसा होतो आणि रतीला जोडणारा दुवा तुटतो. उरते ते केवळ भय.

ही कसोटी अमूर्त नाही. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यातील अध्यापकाला तर ती मुळीच अमूर्त वाटणार नाही. १९९० साली उल्हासनगरात दहावीची परीक्षा सुरू असताना परीक्षा केंद्रातच एका विद्यार्थिनीला जाळून मारण्यात आले. तेव्हापासून 'एकतर्फी प्रेम' हा शब्दप्रयोग या भागात निव्वळ भावनावाचक राहिलेला नाही. मुळात त्या शब्दातच एक गल्लत आहे : नकार मिळाल्यावरही चालू राहणाऱ्या मागणीला तो प्रेमाच्या जातीत बसवतो. मुलीचा पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा म्हणून भारतीय दंडविधानात २०१३ साली कलम ३५४-ड द्वारे आला. १ जुलै २०२४ पासून त्याची तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे. कायद्याने ज्याला नाव देण्यास इतका काळ लावला, त्याला ओळखण्याची सवय साहित्याच्या वर्गात लावता येते.

मात्र यावरून ही पुस्तके काढून घ्यावीत असा निष्कर्ष निघत नाही. वाचन म्हणजे अनुकरण नव्हे. जॅनिस रॅडवे यांनी १९८४ च्या 'रीडिंग द रोमान्स' या अभ्यासात प्रणयकादंबऱ्या वाचणाऱ्या स्त्रियांशी प्रत्यक्ष बोलून दाखवले की, घरातील सर्वांची कामे करणाऱ्या स्त्रीसाठी वाचन ही स्वतःकरिता राखून ठेवलेली वेळ असते, आणि कथेत ती शोधते ते नायकाकडून मिळणारे जपणे. अंबरनाथ पूर्वेकडील पालेगावसारख्या वस्तीचा विचार करावा. जुन्या गावाच्या नावावर उभ्या राहिलेल्या नव्या इमारतींत ठिकठिकाणांहून आलेली कुटुंबे राहतात. फोर्क्सला आलेल्या बेलाप्रमाणे इथल्या अनेक मुलीही गावात नव्या असतात. ओळखीचा वाडा नाही, ओळखीची माणसे नाहीत, आणि जाण्यायेण्यावर मात्र घरच्यांची नजर आहे. अशा मुलीला, कोणीतरी आपल्याला हजारांत ओळखले, ही कल्पनाच दिलासा देणारी असते. तिची ती गरज खरी आहे. तिला हसणारा अध्यापक तिच्याशी बोलण्याची संधी गमावतो.

शिवाय संहितेतही एक प्रतिवाद आहे. चौथ्या खंडाअखेर बेला स्वतः अमानुष होते आणि बळाच्या बाबतीत नायकाच्या बरोबरीला येते. म्हणजे कथेला ज्या विषमतेतून गोडी मिळाली, तीच विषमता शेवटी कथा मिटवते. समान बळाच्या दोघांत भय उरत नाही, आणि भय संपताच मालिकाही संपते. बरोबरी हेच या कथेचे गंतव्य असेल, तर ती गाठण्यासाठी नायिकेला मनुष्यपण का सोडावे लागते, हा प्रश्न विद्यार्थ्यांनी अवश्य विचारावा.

अध्यापनासाठी

वरील विवेचनातून वर्गात विचारण्याजोगे तीन प्रश्न निघतात. पहिला, एखाद्या प्रसंगात कोणाला काय ठाऊक आहे, आणि कोणापासून काय लपवले आहे? दुसरा, या नात्यातून बाहेर पडण्याची मोकळीक दोघांना सारखी आहे का? तिसरा, चुकीची किंमत कोण मोजतो? हेच प्रश्न पुरूरवा-उर्वशीच्या कथेला लावले, तर उत्तरे वेगळी येतात. तिथे अटी आरंभीच उघड सांगितलेल्या आहेत, त्या उर्वशीने घातलेल्या आहेत, आणि अट मोडल्यावर निघून जाण्याची मोकळीक तिला आहे. अमानवी प्रेमाचे आपले हे अतिप्राचीन उदाहरण या बाबतीत आजच्या मालिकेपेक्षा अधिक स्पष्ट आहे.

मराठीत या प्रकारची मालिका उद्या कोणी लिहिली, तर मुंजा, वेताळ आणि साती आसरा यांच्या विश्वातून तिला वाट काढावी लागेल. त्या विश्वात मागणारा आणि देणारा यांतील फरक लोकांनी फार पूर्वीच करून ठेवला आहे. तोपर्यंत विद्यार्थिनीच्या पिशवीतील जाड इंग्रजी पुस्तक वर्गात आणून, त्यातील एक प्रसंग अद्भुतासह आणि अद्भुताविना वाचून दाखवणे, एवढे काम अध्यापकाला करता येण्यासारखे आहे.