अंदाजे मारलेले २० प्रश्न आणि माझा अर्धवट सल्ला

या भागात आकडे जरा जास्त आहेत. ऐकताना ते निसटतात आणि मग "ताई, ते मधलं परत सांग ना" असे मेसेज येतात, म्हणून सगळं लिहूनच काढलंय. जमलं तर शेजारी एक कागद ठेवा.

माझा मामेभाऊ लातूरला असतो. बारावी आणि नीट, दोन्ही एकदम डोक्यावर. मध्यंतरी त्याने मला फोनवर विचारलं, "ताई, जे प्रश्न अजिबात येत नाहीत ते सोडून द्यायचे की अंदाजे मारायचे?"

मी दोन मिनिटांत हिशोब केला. नीटमध्ये उत्तर बरोबर आलं तर ४ गुण मिळतात, चुकलं तर १ जातो. पर्याय चार. म्हणजे डोळे मिटून चार प्रश्न मारले तर सरासरी एक बरोबर येणार, तीन चुकणार. चार आले, तीन गेले, एक उरला. दर प्रश्नामागे पाव गुण फायदा. "मार बिनधास्त," मी म्हटलं. गणित शिकलेली ताई म्हणतेय म्हटल्यावर पोराने मारले.

पुढच्या टेस्टमध्ये त्याने असे २० प्रश्न मारले. २ बरोबर, १८ चूक. ८ वजा १८, म्हणजे उणे १०.

रात्री साडेदहाला फोन. "ताई, तुझ्या हिशोबाने पाच गुण वाढायला हवे होते. माझे दहा गेले. सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, हे काय केलंस." मी गप्प. मग तोच हळू आवाजात म्हणाला, "जाऊ दे, मीच पनौती आहे. लूडोत पण मला कधी सहा पडत नाही."

आता खरं सांगते, माझा हिशोब चुकला नव्हता. पण मी त्याला फक्त सरासरी सांगितली होती आणि सरासरी म्हणजे पूर्ण गोष्ट नव्हे. जे सांगायचं राहिलं होतं त्याला म्हणतात यादृच्छिक चल आणि त्याचं संभाव्यता वितरण. नावं अशी की पुस्तक मिटावंसं वाटतं. गोष्ट सोपी आहे.

मी त्याला म्हटलं, कागद घे. २० प्रश्न राहू देत, दोनच घे. दोन्ही डोळे मिटून मारायचे. काय काय होऊ शकतं? दहावीच्या बीजगणितात नमुना अवकाश काढायचो, तसंच. दोन्ही बरोबर. पहिला बरोबर, दुसरा चूक. पहिला चूक, दुसरा बरोबर. दोन्ही चूक. चार शक्यता.

पण रिझल्टच्या कागदावर "बरोबर, चूक" असं कोण वाचतं? आपण गुण बघतो. दोन्ही बरोबर आले तर ८. एक बरोबर, एक चूक तर ३, मग कुठला का चुकेना. दोन्ही चूक तर उणे २. म्हणजे प्रत्येक शक्यतेला आपण एक आकडा चिकटवला. हा आकडा चिकटवण्याचा जो नियम, तोच यादृच्छिक चल. बस्स, एवढंच.

'चल' या शब्दाने मात्र घोळ होतो. 'एक्स अधिक ३ बरोबर ७' यातला एक्स म्हणजे लपून बसलेला एकच आकडा असतो, शोधला की सापडला. यादृच्छिक चल तसा नाही. प्रयोग होईपर्यंत तो ठरलेलाच नसतो, तो ८ असू शकतो, ३ असू शकतो, उणे २ असू शकतो. आणि एकाच प्रयोगावर असे कितीही चल बसवता येतात. 'किती बरोबर आले' हा एक चल, 'किती गुण पडले' हा दुसरा. पेपर तोच, प्रश्न वेगळा.

आता पुढची पायरी. हे आकडे सारख्याच वेळा येतात का? नाही ना. एक प्रश्न बरोबर येण्याची संभाव्यता १/४, चुकण्याची ३/४. दोन्ही बरोबर येणं म्हणजे १/४ गुणिले १/४, म्हणजे १/१६. दोन्ही चुकणं म्हणजे ३/४ गुणिले ३/४, ९/१६. एक बरोबर आणि एक चूक हे ३/१६, पण ते दोन प्रकारे होतं, म्हणून ६/१६. बेरीज करून बघा: १ अधिक ६ अधिक ९, सोळा. पूर्ण एक झाला. तो व्हायलाच हवा, नाहीतर कुठली तरी शक्यता सुटली किंवा दोनदा मोजली गेली.

तर गुण ८ असण्याची संभाव्यता १/१६, ३ असण्याची ६/१६, उणे २ असण्याची ९/१६. कुठला आकडा किती वेळा, याची ही पूर्ण यादी म्हणजे संभाव्यता वितरण.

इथे जरा थांबा. या यादीची सरासरी काढा, म्हणजे प्रत्येक आकडा गुणिले त्याची संभाव्यता, आणि मग बेरीज. ८ अधिक १८ वजा १८, भागिले १६. अर्धा गुण. माझा पाव-पाव गुणाचा हिशोब बरोबर होता! याला अपेक्षित मूल्य म्हणतात. पण यादीत 'अर्धा' आहे कुठे? ८ आहे, ३ आहे, उणे २ आहे. अर्धा गुण कुणालाच पडणार नाही. उलट अर्ध्याहून जास्त वेळा, १६ पैकी ९ वेळा, पदरात उणे २ पडतात. ज्याला 'अपेक्षित' म्हणतात त्याची अपेक्षाच करता येत नाही. हे नाव कुणी ठेवलं कुणास ठाऊक.

भाऊ म्हणाला, "पण मी दोन नाही, वीस मारले."

हो. तर्क तोच, फक्त शक्यता वाढतात. ठरावीक संख्येचे प्रश्न, प्रत्येकाचं उत्तर बरोबर किंवा चूक, प्रत्येकात संधी सारखी, आणि एकाचा दुसऱ्यावर परिणाम नाही. अशा वेळी किती बरोबर आले याचं जे वितरण मिळतं त्याला द्विपद वितरण म्हणतात. बारावीला ते आहे, सूत्र पुस्तकात बघा. मी त्याला सूत्राऐवजी हॉल दाखवला.

समजा, एका मोठ्या हॉलमध्ये १००० मुलं बसली आहेत. सगळ्यांनी तेच २० प्रश्न डोळे मिटून मारले. मग साधारण असं चित्र दिसेल. एकही बरोबर नाही अशी ३ मुलं. एक बरोबर, २१ मुलं. दोन बरोबर, ६७. तीन बरोबर, १३४. चार बरोबर, १९०. पाच बरोबर, २०२, ही सगळ्यात मोठी रांग. सहा बरोबर, १६९. सात, ११२. आठ, ६१. नऊ, २७. दहा, १०. अकरा, ३. आणि एक महाभाग, ज्याचे बारा बरोबर. त्याला वाटणार आपल्याला सगळं येतं.

आता यांचे गुण लावा. प्रत्येक बरोबर उत्तरामागे ५ धरा आणि शेवटी २० वजा करा, पटकन होतं. चार बरोबर आले तर बरोब्बर शून्य. चारपेक्षा कमी आले तर तोटा. अशी मुलं किती? ३, २१, ६७, १३४, म्हणजे २२५. हजारातल्या सव्वादोनशे जणांचे गुण कमी झाले आणि १९० जणांची मेहनत फुकट गेली. उरलेल्या ५८५ जणांचा फायदा. सगळ्यांची सरासरी काढली तर अधिक ५. पाच बरोबर आलेल्या त्या २०२ मुलांना तेवढेच पडले, बाकी ७९८ जणांना काहीतरी वेगळंच.

"आणि मी कुठे बसलोय?" त्याने विचारलं.

दोन बरोबरच्या रांगेत, आणखी ६६ जणांबरोबर. तुझ्या मागे २४ जण आहेत, ज्यांचं तुझ्याहून वाईट झालं. दोन किंवा त्याहून कमी बरोबर असलेली ९१ मुलं, म्हणजे साधारण अकरा जणांत एक. तुमच्या बॅचमध्ये किती मुलं आहेत? त्यातल्या कितीतरी जणांनी अंदाजे मारले असणार, कुणीतरी त्या रांगेत बसणारच होतं. या वेळी तू बसलास.

त्याचा आवाज जरा सैल झाला. पण लूडोचं काय? (पोरगं सोडत नाही.)

लूडोत चल वेगळा आहे: पहिला सहा पडायला किती वेळा फासा टाकावा लागतो. इथे वितरणाचा आकारही वेगळा, टेकडीसारखा नाही, घसरगुंडीसारखा. पहिल्याच फेकीला सहा पडण्याची संभाव्यता १/६, आणि सगळ्यात उंच पायरी तीच. दुसऱ्या फेकीला पहिला सहा येणं म्हणजे ५/६ गुणिले १/६, त्याहून कमी. पुढे पुढे आणखी कमी. चार फेकींच्या आत निम्म्याहून थोड्या जास्त लोकांना सहा पडलेला असतो. पण सरासरी? सहा फेकी. कारण या घसरगुंडीची शेपटी लांब आहे. दहा वेळा टाकूनही सहा न पडण्याची संभाव्यता सुमारे १६ टक्के आहे. चौघं खेळत असाल तर दहा फेकींनंतरही घरात अडकून बसलेला कुणीतरी निघण्याची शक्यता जवळजवळ निम्मी. प्रत्येक डावात कुणीतरी "हे ॲप चीटिंग करतंय" म्हणतो ना, तो तोच.

आता मूळ प्रश्नाकडे. मारायचे की सोडायचे?

सीईटीचं सोपं आहे. एमएचटी-सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तिथे एकही प्रश्न रिकामा ठेवू नका. घासाघीस आहे ती नीटची. समजा तुम्ही कटऑफच्या वर आहात आणि थोडीच मोकळी जागा आहे. मग २२५ मध्ये पडण्याचा धोका तुम्हाला परवडत नाही. समजा कुणाला १५ गुण कमी पडताहेत. १५ मिळवायला सात बरोबर हवेत. सात किंवा जास्त असलेली मुलं मोजा: २१४. म्हणजे १५ वाढण्याची शक्यता आणि असलेले कमी होण्याची शक्यता जवळपास सारखीच. मी 'पाव गुण फायदा' म्हटलं त्यातून हे काहीच कळत नव्हतं. दोघांची सरासरी एकच, पण दोघांनी यादी वेगवेगळ्या जागी वाचायची.

खरी गंमत तर पुढे आहे. प्रश्न अगदीच कोरा नसतो. समजा चारातला एक पर्याय नक्की चूक आहे एवढं कळलं. मग संधी १/३ होते. असे २० मारले तर सरासरी १३ गुणांच्या थोडी वर जाते आणि तोट्यात जाणारी मुलं २२५ वरून ६० च्या आसपास येतात. दोन पर्याय खोडता आले तर? संधी निम्मी, सरासरी ३०, आणि तोट्यात जाणारं हजारात जेमतेम एखादं मूल. फक्त दोन पर्याय खोडून! मी हे आकडे दोनदा तपासले, कारण मलाच पटेना.

(हो, "सगळीकडे सी मारला तर?" हे विचारणारे आहातच तुम्ही. बरोबर उत्तरं चारही पर्यायांत कशीही विखुरलेली असतील तर सी मारा नाहीतर बी, वितरण तेच. सीमध्ये जादू नाही.)

मी त्याची माफी मागितली. अर्धं सांगितलं होतं, त्याचे दहा गुण गेले होते. नशीब, ती टेस्ट होती. त्याने मग आपला नियम ठरवला: चारही पर्याय अनोळखी असले तर हात लावायचा नाही, दोन खोडता आले तर सोडायचं नाही, आणि एकच खोडता आला तर वेळ बघून.

गेल्या टेस्टमध्ये त्याने दोन पर्याय खोडलेले १४ प्रश्न मारले. ६ बरोबर, ८ चूक. २४ वजा ८, अधिक १६. मी मेसेज केला, "सरासरीने ७ यायला हवे होते, एक कमी आला."

दहा मिनिटांनी वहीच्या पानाचा फोटो आला. खाडाखोड भरपूर, खाली चौकोनात उत्तर: 'हजारात ३९५ पोरांना ६ किंवा कमी.' आणि फोटोखाली, "यात पनौती काय ताई? ३९४ जण आहेत माझ्यासोबत."

मी तपासलं. उत्तर बरोबर होतं.