रोबो उभा राहतो तो वायरींवर

सहा पायांचा रोबो पहिल्यांदा चालू केला की बहुतेक वेळा तो उभा राहत नाही. थरथरतो, दोन पाय अर्धवट उचलतो आणि खाली बसतो. बोर्डवरचा दिवा क्षणभर विझतो, प्रोग्राम पहिल्यापासून सुरू होतो आणि पायांना पुन्हा झटका बसतो. नवीन पनवेलला भाच्याच्या टेबलावर हेच चाललं होतं आणि तो प्रोग्रामच्या ओळी तपासत होता. या छंदातली मुलं आधी तिथेच शोधतात. दुखणं मात्र लाल-काळ्या वायरींत असतं.

एका पायाला तीन सांधे, म्हणजे सहा पायांना १८ सर्व्हो मोटरी. भाच्याकडे एमजी९९६आर जातीच्या होत्या. सहा व्होल्टवर अशी एक मोटर चालताना अर्धा ते पाऊण-एक अँपिअर घेते. भाराने अडकली की अडीच. सगळ्या एकदम अडकल्या तर ४५ अँपिअर! वॅटमध्ये हे २७० भरतात, स्वयंपाकघरातल्या ५०० वॅटच्या मिक्सरपेक्षा कमीच. पण मिक्सरला २३० व्होल्ट मिळतात, त्यामुळे त्याचं दोन-सव्वादोन अँपिअरमध्ये भागतं. रोबोला व्होल्ट कमी, म्हणून अँपिअर जास्त. आणि वायर तापते, व्होल्ट गळतात ते अँपिअरमुळे.

अडकणं म्हणजे पाय भिंतीला टेकणंच असं नाही. थांबलेली मोटर सुटते त्या क्षणी तिच्या आत विरोधी व्होल्टेज तयार झालेलं नसतं, म्हणून ती तेवढाच करंट ओढते. स्विच दाबताच अठराही सांधे आपापल्या जागी धावतात तेव्हा मागणी शिगेला असते. ती कंट्रोलर बोर्डवरून भागत नाही: अर्डुइनो उनोच्या यूएसबी वाटेवर अर्ध्या अँपिअरचा फ्यूज असतो. तिथून एखादी छोटी सर्व्हो हलवून बघता येते, त्यापुढे नाही.

भाच्याने सप्लाय चांगला घेतला होता. दुकानांच्या एलईडी पाट्यांना लावतात तो पाच व्होल्ट, ४० अँपिअरचा एसएमपीएस. तरी रोबो बसत होता, कारण मधे २६ गेजच्या जंपर वायरी होत्या. अशा वायरीचा रोध मीटरला सुमारे ०.१३ ओहम. जाऊन-येऊन साठ सेंटिमीटर धरले तर दहा अँपिअरला पाऊण व्होल्टहून जास्त वाटेतच जातो, सैल जोडांचं वेगळंच. तीच वाट घरगुती फिटिंगच्या अडीच एमएमच्या वायरीने केली तर जेमतेम ०.०५ व्होल्ट. काळी वायरही तितकीच जाड हवी. करंट परत तिच्यातूनच येतो, हे फार जण विसरतात.

मल्टिमीटर यात फसवतो. तो सरासरी दाखवतो, काही मिलिसेकंदांची बुडी त्याला दिसत नाही. ऑसिलोस्कोपवर ती खड्ड्यासारखी उमटते. मग कुणी १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावायला सांगतं. जरूर लावावा, पण त्याची ताकद मोजून: दहा अँपिअर दिले की त्याचं व्होल्टेज मिलिसेकंदाच्या दहाव्या भागातच एक व्होल्टने उतरतं. बारीक वायरीवर तो इलाज नाही.

शेवटी त्याने मांडणी बदलली. सप्लायपासून प्रत्येक पायाला वायरींची स्वतंत्र जोडी नेली, जोडीला एक फ्यूज. सर्व्होंना सिग्नल देणाऱ्या पीसीए९६८५ बोर्डला १६ वाटा असतात, म्हणून दोन बोर्ड लागले. त्यांच्यावर फक्त सिग्नल ठेवले, सगळ्या मोटरींचा करंट त्यांच्या पातळ पट्ट्यांतून जाऊ दिला नाही. बोर्डांवरच्या चिपला वेगळा सप्लाय दिला, पण ग्राउंड एकच, नाहीतर सिग्नलला आधार उरत नाही. प्रोग्राममध्ये पाय एकामागून एक जागे केले. रोबो उभा राहिला तेव्हा टेबलाशी सगळे ओरडलो.

बॅटरीचं काम पुढे आहे. दोन सेलची लिथियम पॉलिमर पूर्ण भरल्यावर ८.४ व्होल्ट देते आणि ही मोटर ७.२ पर्यंतची, म्हणून मधे सहा व्होल्ट करणारा कन्व्हर्टर लागेल, तोही एवढ्या अँपिअरचा. त्याआधी त्याने दुसरंच काम काढलंय. रोबो चालताना तीन पाय हवेत असतात आणि सगळं वजन उरलेल्या तिघांवर येतं. थोडा वेळ चालवून मधल्या सांध्याच्या मोटरीला हात लावला तर चटका बसतो. मांडीचा भाग लांब, म्हणून मोटरीवर जोर जास्त आणि करंटही. सध्या तो मांड्या आखूड करतो आहे.