पात्याच्या बुंध्यावरची अक्षरं

वणी तालुक्यातलं राजूर म्हटलं की कोळशाची खाण आणि चुनाभट्ट्या आठवतात. अशा गावाच्या भंगारात पाने, पकडी, बोल्ट येतात आणि त्यांच्या तळाशी कधीतरी गंजून घट्ट बसलेला घडीचा चाकू निघतो. तो किलोच्या भावाने जातो. त्याचं वय विचारायला कोणी थांबत नाही, याचं मला वाईट वाटतं. रोजच्या वापरातल्या फार थोड्या वस्तू आपली जन्मखूण अंगावर बाळगतात आणि हा चाकू त्यांतला एक आहे.

आधी तो उघडायला हवा. नखाच्या खाचेत स्क्रूड्रायव्हर घालून जोर केला की जुनं पातं मोडतं. सांध्यात मशीनच्या तेलाचे थेंब सोडून रात्रभर ठेवावा, मग हलकेच उघडावा. धार संपते आणि पातं मुठीत शिरतं, त्या जाड भागाला बुंधा म्हणू. कारखान्याचा ठसा तिथे असतो. अक्षरं पुसट असतील तर बोटाने खडूची पूड चोळावी आणि बॅटरीचा उजेड आडवा पाडावा. पॉलिश पेपर किंवा बफिंगचं चाक मात्र लावू नये. गंजासोबत ठसाही जातो आणि मग तारीख ठरवण्याचा सर्वांत मोठा आधार उरत नाही.

आपल्याकडच्या जुन्या चाकूंमध्ये इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या जोसेफ रॉजर्स या कारखान्याचा मान मोठा. बोरू आणि पेन्सिल तासणाऱ्या पिढ्यांना हे नाव ठाऊक होतं. चांदणी आणि माल्टीज क्रॉस ही त्यांची खूण. १८२२ साली या कारखान्याला राजघराण्याची नेमणूक मिळाली आणि पुढे पात्यांवर मुकुटासह राजाची आद्याक्षरं आली. तारखेसाठी ती फार उपयोगी. ‘व्ही आर’ म्हणजे राणी व्हिक्टोरिया, १८३७ ते १९०१. ‘ई आर’ असेल तर बहुधा सातवा एडवर्ड, १९०१ ते १९१०. ‘जी आर’ला गडबड होते, कारण पाचवा आणि सहावा जॉर्ज मिळून तो काळ थेट १९५२ पर्यंत जातो. नावाखाली देशाचं नाव कोरलेलं असेल तर चाकू साधारण १८९०च्या आसपासचा किंवा त्यानंतरचा धरावा. ब्रिटनमध्ये १८८७ साली आणि हिंदुस्थानात १८८९ साली व्यापारी खुणांचे कायदे झाले, अमेरिकेनेही १८९१ पासून आयात मालावर मूळ देशाचं नाव सक्तीचं केलं. ब्रिटनच्या कायद्यामागे एक कारण होतं: परदेशी माल शेफिल्डच्या नावावर खपवला जात होता. रॉजर्सच्या नावातलं एखादं अक्षर गाळून केलेल्या नकलाही पुष्कळ निघाल्या, म्हणून नाव अक्षर-अक्षर वाचावं.

ठसा फक्त एवढंच सांगतो की चाकू अमुक सालाआधीचा नाही. कारखाने जुने शिक्के वर्षानुवर्षं वापरत. त्यामुळे ठसा, पोलाद आणि मूठ या तिघांची साक्ष जुळते का, ते पाहायचं.

पोलादाची गोष्ट १९१३ साली बदलली. शेफिल्डच्या हॅरी ब्रिअर्लीने न गंजणारं पोलाद घडवलं, पण चाकूंमध्ये ते खऱ्या अर्थाने रुळलं पहिल्या महायुद्धानंतर. तेव्हा पात्यावर ‘स्टेनलेस’ लिहिलेलं असेल तर १९१३च्या आधीची तारीख सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. चुंबकाने याचा निकाल लागत नाही, कारण पात्यांचं स्टेनलेसही चुंबकाला चिकटतं. स्विस चाकूंचा कालक्रम आणखी स्वच्छ आहे. तिथल्या कार्ल एल्सनरने आपल्या चाकूंसाठी ‘व्हिक्टोरिया’ हे नाव १९०९ मध्ये घेतलं, १९२१ मध्ये त्याला ‘इनॉक्स’ म्हणजे स्टेनलेस हा शब्द जोडून व्हिक्टोरिनॉक्स झालं.

ब्रिटिश सैन्याचा चाकू ओळखायला सर्वांत सोपा. काळी चौकटीदार मूठ, बोथट टोकाचं रुंद पातं, डबा उघडायचं पातं, दोर सोडवायचा टोकदार सुळा आणि अडकवायला कडी. त्यावर सरकारी बाणाची खूण असते, बहुतेकदा सालही. बाणाशी ‘आय’ अक्षर असेल तर तो हिंदुस्थान सरकारच्या मालकीचा.

मुठीत मात्र घोटाळे फार. पातं जुनं, मूठ नंतर बसवलेली, असं सर्रास दिसतं. रिव्हेटची डोकी एकसारखी आहेत का, पितळी अस्तर मुठीच्या कडेशी जुळतं का, ते तपासावं. शेफिल्डला लागणारं सांबरशिंग मोठ्या प्रमाणावर हिंदुस्थानातूनच जायचं. इथल्या जंगलात गळून पडलेलं शिंग मूठ होऊन इथेच परतायचं. आज अशी मूठ वा हस्तिदंत दिसला तर खरेदी-विक्रीआधी १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा पाहावा. हस्तिदंतासारखी दिसणारी पिवळट मूठ अनेकदा सेल्युलॉइडची असते. घासून गरम केली की कापराचा वास येतो. ते १८७०च्या दशकापासूनचं आहे, पण जुनं झालं की त्यातून निघणारी वाफ शेजारच्या पात्यांनाही गंज चढवते. असा चाकू वेगळा ठेवावा.

राजुरात चाकू हाती आला तर आणखी एक काम तिथल्या तिथे करावं. विकणाऱ्याला तो कुणाच्या घरातून आला, कोणत्या कामाला होता, हे विचारून कागदावर उतरवावं. खाणीत की शेतात, हे कुठल्याही ठशात लिहिलेलं नसतं आणि ते माहीत असलेली माणसं आता थकली आहेत. कागद चाकूसोबत ठेवावा, पात्याला तेलाचं बोट लावावं आणि कोरड्या सुती कापडात गुंडाळावा. चामड्याच्या म्यानात ठेवू नये, त्यातल्या आम्लाने पितळ हिरवं पडतं.