घरच्या दिनदर्शकासाठी अॅक्रिलिक पारखून घ्या

पाट्या बदलून वर्षानुवर्षे चालेल असे भिंतीवरचे दिनदर्शक घरच्या घरी करता येते. नावाच्या पाट्या करणाऱ्यांकडे आता लेझर यंत्र असते. आराखडा आपण द्यायचा, ते कापून देतात. आपल्या रत्नागिरीच्या पावसात प्लायवूड फुगते नि पाट्या खाचेत अडकून बसतात, म्हणून अॅक्रिलिक बरे.

तारखांच्या 31 पाट्या कापू नका. दशकासाठी 1, 2, 3 आणि एककासाठी 0 ते 9, एवढ्या 13 पाट्या पुरतात. वार 7, महिने 12. वाचलेल्या मालात मृगापासून हस्तापर्यंतची 9 नक्षत्रे करून घ्या. शेतकऱ्याच्या भिंतीवर ती हवीतच. मराठी महिने लावणार असाल तर ‘अधिक’ ही पाटी सुटी ठेवा. आपल्याकडे टिळक पंचांग पाळणारी घरे आहेत, त्यांचा गणपती कधी कधी महिनाभर आधी येतो!

जाडी 3 मिलिमीटर पुरे. अक्षरे कोरायची असतील तर साच्यात ओतलेले अॅक्रिलिक मागा. त्यावर कोरीव अक्षर दुधासारखे पांढरे उठते. यंत्रातून दाबून काढलेल्या स्वस्त मालावर ते नीट दिसत नाही.

खरा धोका पुढेच आहे. पडून असलेला प्लास्टिकचा तुकडा अॅक्रिलिक समजून कापायला देऊ नका. तो पीव्हीसी असला तर लेझरखाली आम्लाचा विषारी धूर निघतो. छातीला अपाय होतो, यंत्रही गंजते. शंका आल्यास तांब्याची उघडी तार सांडशीत धरून ज्योतीत तापवा. ज्योत हिरवी दिसेनाशी झाली की तापलेले टोक तुकड्याला टेकवून पुन्हा ज्योतीत धरा. हिरवी ज्योत उठली तर तो तुकडा बाद. हे अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून आणि मोठ्या माणसानेच करावे.

स्क्रू पितळेचे घ्या. लोखंडी स्क्रूचा गंज खारट हवेत भिंतीवर ओघळतो. उन्हाने अॅक्रिलिक प्रसरण पावते, तेव्हा भोक स्क्रूपेक्षा थोडे मोठे ठेवा आणि स्क्रू करकचून आवळू नका. पुसायला साबणाचे पाणी नि मऊ फडके. स्पिरिट लावाल तर कापलेल्या कडेला केसासारख्या चिरा पडतात.

उरलेल्या पाट्या झाकणाच्या डब्यात ठेवा. पोरांच्या हाती लागल्या, तर मघा आणि पूर्वा शोधत बसाल.