संग्रहातील शोधासाठी संक्षिप्त लेखन : एक प्रस्ताव

प्रास्ताविक :
समजा, शनवाऱ्यातील एखाद्या वाचनालयाची उर्दू-मराठी पुस्तकांची यादी संगणकावर आहे व त्यातून बऱ्हाणपूरविषयीची पुस्तके निवडायची आहेत. जुन्या पद्धतीने यासाठी लूप लिहावा लागतो. चार-पाच ओळींत विद्यार्थी मूळ प्रश्नच विसरतो. प्रस्तुत लेखात यावर एक सुटसुटीत लेखनपद्धती सुचविली आहे.

पूर्वपीठिका :
शाळेत आपण संच गुणधर्म पद्धतीने लिहितो. सर्व घटक न मांडता केवळ अट सांगतो. पायथॉन २.० (२०००) मध्ये हीच रीत याद्यांसाठी आली. त्याआधी १९९९ साली एक्सपाथने अट चौकटी कंसात लिहिण्याची सोय केली होती. सी शार्पमध्ये २००७ साली अशी प्रश्नरचना भाषेचाच भाग झाली.

प्रस्ताव :
नोंदी[विषय = 'बऱ्हाणपूर'] एवढेच लिहिणे पुरेसे नाही, कारण शोधाचे प्रश्न तीन असतात : अशी नोंद आहे का? पहिली कोणती? सर्व कोणत्या? म्हणून कंसाआधी शब्द असावा :

नोंदी.आहे[...] : उत्तर होय किंवा नाही.
नोंदी.पहिली[...] : एक नोंद, न सापडल्यास 'रिक्त' असे स्पष्ट उत्तर.
नोंदी.सर्व[...] : यादी, काही न सापडल्यास रिकामी यादी.

एक अडचण :
'=' या चिन्हाचा अर्थ काय, हेही ठरविले पाहिजे. 'बऱ्हाणपूर' मधील अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे टंकित होतो. डोळ्यांना फरक दिसत नाही, संगणकाला मात्र दिसतो. उर्दूतील 'ये' व 'काफ' यांचेही तसेच. अरबी व उर्दू कळफलकांवर त्यांचे संकेतांक निराळे असतात. युनिकोडच्या प्रमाणीकरणाने हे भेद मिटत नाहीत. शिवाय 'बुऱ्हानपूर' असेही लिहिले जाते. म्हणून काटेकोर तुलनेस '=' व लेखनभेद पोटात घेणाऱ्या तुलनेस '≈' अशी दोन चिन्हे असावीत. दुसऱ्यासाठी समान अक्षरांचा व नावांचा तक्ता आपणच पुरवावा.

निष्कर्ष :
पुस्तक कपाटात असूनही संगणक 'नाही' म्हणाला, तर विद्यार्थी रिकाम्या हाताने परत जातो आणि चूक कोणाच्याच लक्षात येत नाही. तेव्हा लेखन जरूर आखूड करावे. परंतु आपण काय विचारले आणि कशाला समान मानले, हे त्या एका ओळीत दिसलेच पाहिजे. वर्गात आज्ञावली लिहिण्यापूर्वी विद्यार्थ्यांकडून हे दोन प्रश्न मराठीत वा उर्दूत वदवून घ्यावेत, असे सुचवावेसे वाटते.